दूध तोडण्यापूर्वी



बाळंतिणीला ताप भरला किंवा तिच्या रक्ताच्या अहवालावर 'पॉझिटिव्ह' असा शिक्का पडला, की घरात, आणि पुष्कळदा वॉर्डातही, पहिला हुकूम एकच सुटतो: दूध बंद करा. आजार डेंगीचा आहे, काविळीचा आहे की कांजिण्यांचा, ही चौकशी मागाहून होते. या हुकमाला कुणी पुरावा मागत नाही. आईच्या अंगात विष आहे, म्हणजे ते दुधात उतरणार, हे तर्कशास्त्र इतके सरळ दिसते की त्याविरुद्ध बोलणाराच बेपर्वा ठरतो. पण दूध तोडणे हाही एक उपचार आहे. त्याचे दुष्परिणाम आहेत, ते मोजले गेले आहेत, आणि काही ठिकाणी ते मूळ आजारापेक्षा भयंकर ठरले आहेत. आज मला एवढेच मांडायचे आहे की, 'दुधात विषाणू सापडतो का?' या एकट्या प्रश्नाच्या उत्तरावर दूध तोडण्याचा निर्णय घेता येत नाही. दूध तोडल्यावर त्या बाळाच्या तोंडात त्याऐवजी काय जाणार, कोणत्या पाण्यातून जाणार आणि किती महिने जाणार, याचा हिशेब त्याच वेळी, त्याच कागदावर मांडावा लागतो. हे दोन्ही हिशेब शेजारी मांडले म्हणजे बहुतेक आजारांत पारडे दुधाकडे झुकते. सगळ्या आजारांत झुकत नाही. त्याकडेही मी येणार आहे.

आधी वाटांचा विचार करू. आईकडून बाळाकडे विषाणू जातो तो श्वासातून आणि थुंकीच्या तुषारांतून, रक्तातून किंवा कातडीवरच्या फोडांतून, नाहीतर खुद्द दुधातून. फ्लू, कोविड यांची वाट श्वासाची. तिथे दूध तोडून विषाणूची वाट अडत नाही, कारण बाळ आईच्या कुशीतच असते. अडवायचा असतो तो तिचा खोकला, आणि त्यासाठी मास्क आणि साबण पुरतो. शिवाय फ्लूची बाई ताप चढण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच विषाणू बाहेर टाकत असते. म्हणजे घरचे लोक 'आता पाजू नकोस' म्हणतात, तोवर बाळाला जो संसर्ग व्हायचा तो बहुधा होऊन गेलेला असतो. नेमक्या त्याच दिवसांत आईच्या श्वसनमार्गात आणि आतड्यात त्या विषाणूला ओळखलेल्या पेशी स्तनात जाऊन स्थिरावतात आणि तिथे त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे दुधात सोडू लागतात. बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती हे काम शिकायला काही आठवडे घेईल. जे औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही आणि जे त्या घरातल्या त्या आठवड्याच्या साथीसाठीच बनलेले आहे, ते आपण 'काळजी' म्हणून बंद करतो.

डेंगीमध्ये विषाणूचा अंश काही वेळा दुधात आढळला आहे, तरीही सल्ला पाजत राहण्याचाच आहे. तो आजार डासामार्फत पसरतो, तेव्हा मच्छरदाणी आईलाही हवी आणि बाळालाही. हिपॅटायटिस बी या काविळीची गोष्ट जास्त बोलकी आहे. या विषाणूच्या खुणा दुधात मिळतात, हे फार पूर्वीच कळले होते. पण १९७५ मध्ये तैवानमधल्या एका अभ्यासाने अंगावर पिणाऱ्या आणि बाटलीवर वाढणाऱ्या बाळांची तुलना केली, तेव्हा संसर्गाचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले, निम्म्याच्या आसपास. म्हणजे संसर्ग होत होता, भरपूर होत होता, पण दूध त्याचे कारण नव्हते. तो प्रसूतीच्या वेळच्या रक्तातून होत होता. आज जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस आणि शक्य तिथे त्याबरोबर इम्युनोग्लोब्युलिन दिले, की आईने निर्धास्त पाजावे. हिपॅटायटिस सीमध्येही पाजता येते, मात्र स्तनाग्राला भेगा पडून रक्त येत असेल तर भेगा भरेपर्यंत त्या बाजूचे दूध पिळून टाकून द्यावे. नागीण किंवा हर्पीसचे फोड स्तनावर उठले असतील तर त्या बाजूने बाळाला लावू नये, दुसरी बाजू निरोगी असेल तर तिथून पाजावे. सगळ्यात नाजूक वेळ कांजिण्यांची. प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईच्या अंगावर पुरळ उठले, तर बाळाला विशेष इम्युनोग्लोब्युलिन लागते आणि फोड सुकेपर्यंत आईपासून जरा दूर ठेवावे लागते; तरीही स्तनावर फोड नसतील तर पिळलेले दूध त्याला वाटी-चमच्याने मिळू शकते. इथे लक्षात घेण्यासारखे हे की बंदी बाळाच्या अंतरावर आहे, दुधावर नाही. दुर्दैवाने आपल्याकडे दोन्ही बंदी एका श्वासात सांगितल्या जातात.

पण या सगळ्या आजारांत दूध मुळात फारसे दोषी नाही, म्हणून माझा युक्तिवाद सोपा झाला, असा आक्षेप कुणीही घेईल, आणि तो रास्त आहे. युक्तिवादाची खरी कसोटी लागते ती जिथे दूध खरोखर विषाणू वाहून नेते तिथे. असा आजार एचआयव्हीचा. दुधातून संसर्ग होऊ शकतो, हे १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्रकरणातून पुढे आले. त्या आईला प्रसूतीनंतर दिलेल्या रक्तातून संसर्ग झाला होता, त्यामुळे गर्भात किंवा प्रसूतीत बाळाला तो झाला ही शक्यता उरत नव्हती. १९९२ मध्ये निरनिराळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले आणि औषधाविना दूध पाजणाऱ्या संसर्गित आयांच्या शंभरांतल्या सुमारे चौदा बाळांना केवळ दुधामुळे जादा संसर्ग होतो, असे निघाले. शंभरांत चौदा हा आकडा किरकोळ नाही. अमेरिकेने आणि युरोपने आपल्याकडच्या आयांना दूध पाजू नका असे सांगितले. ज्या देशांत नळाचे पाणी थेट पिता येते तिथे त्या काळी हा सल्ला समजण्यासारखा होता. पुढे तोच सल्ला सद्भावनेने, दुधाच्या पावडरच्या मोफत डब्यांसह, गरीब देशांत पोहोचला.

बोट्स्वानामध्ये एचआयव्हीबाधित आयांना बारा महिन्यांचे दुधाच्या पावडरचे डबे सरकार मोफत देत असे. कार्यक्रम उत्तम चालला होता, आईकडून बाळाला होणारा संसर्ग उतरत होता. २००६ च्या सुरुवातीला तिथे जोराचा पाऊस झाला, पाणी दूषित झाले आणि अतिसाराची अशी लाट आली की शेकडो लहान मुले दगावली. चौकशी करणाऱ्यांना फ्रान्सिसटाऊनमध्ये काय आढळले, ते पाहा. इस्पितळात दाखल झालेल्या बाळांपैकी बहुतेक बाळे आईच्या अंगावर पीत नव्हती. दूध न पिणे हे आजारी पडण्याचे सगळ्यात मोठे कारण निघाले. पाण्याचा स्रोत किंवा घरातली स्वच्छता यांच्याही वर. आणि ज्यांची तपासणी झाली त्यांतल्या बहुतेक बाळांना एचआयव्ही नव्हताच. म्हणजे कार्यक्रमाने त्यांना ज्या विषाणूपासून वाचवायचे होते त्यापासून वाचवलेले होते. ती बाळे मेली ती जुलाबाने आणि कुपोषणाने, डब्यामुळे जी संरक्षक भिंत उरली नव्हती तिच्या अभावाने. त्याच वर्षी त्याच देशातला एक यादृच्छिक प्रयोग प्रसिद्ध झाला. सात महिन्यांच्या वयाला डब्यावरच्या बाळांत एचआयव्हीचे प्रमाण ५.६ टक्के होते, अंगावर पिणाऱ्या आणि सोबत औषध घेणाऱ्या बाळांत ९ टक्के. इथवर डब्याची सरशी. पण त्याच सात महिन्यांत डब्यावरची ९.३ टक्के बाळे दगावली, अंगावरची ४.९ टक्के. अठरा महिन्यांनी जिवंत आणि संसर्गमुक्त किती, असे मोजले तेव्हा दोन्ही गट जवळपास बरोबरीत आले. पहिल्या ओळीवर थांबलेला माणूस डब्याची शिफारस करील. शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा करणार नाही.

हे आफ्रिकेत घडले म्हणून दूरचे वाटू नये. पुण्यात ससून रुग्णालय आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी एचआयव्हीबाधित आयांच्या बाळांचा पाठपुरावा केला आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरच्या दुधावरच्या बाळांना पहिल्या काही महिन्यांत इस्पितळात भरती करण्याची वेळ अंगावर पिणाऱ्यांपेक्षा फार जास्त वेळा आली. यात नवल काही नाही. वरचे दूध 'नीट' पाजायचे म्हणजे काय, याचे चित्र जरा डोळ्यांसमोर आणा. एक खोली, एक शेगडी, ठरावीक वेळेला येणारे पाणी. दिवसातून आठ वेळा पाणी उकळायचे, निववायचे, पावडरीचे माप सपाट घ्यायचे. डबा संपत आला की माप आपोआप हलके होते आणि दूध पातळ. बाटली बाहेरून स्वच्छ दिसते, पण बुचाच्या आत, आट्यांच्या कडेला, दुधाचा पिवळट थर राहतो, आणि रात्री दोन वाजता तो खरवडून काढायला कुणीही उठत नाही. यात त्या बाईचा आळस नाही. इतके काम इतक्या वेळा निर्दोष होणे ही अपेक्षाच अवास्तव आहे. तीच आई अंगावर पाजत असती तर यातले एकही पाऊल उचलावे लागले नसते.

याच्या काही वर्षे आधी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमधून आलेल्या एका निष्कर्षाने जाणकारांनाही बुचकळ्यात टाकले. १९९९ मध्ये तिथल्या संशोधकांनी आयांचे तीन गट केले: फक्त अंगावर पाजणाऱ्या, अजिबात न पाजणाऱ्या आणि दोन्ही करणाऱ्या. तीन महिन्यांच्या वयाला मिश्र गटातल्या बाळांत संसर्ग २४.१ टक्के होता, तर फक्त अंगावरच्या बाळांत १४.६ टक्के, म्हणजे अजिबात न पिणाऱ्यांच्या १८.८ टक्क्यांपेक्षाही जास्त नव्हे. थोडे दूध आणि थोडे वरचे, हा मधला मार्ग सर्वांत वाईट ठरला. पुढे क्वाझुलू-नाताळमधल्या मोठ्या अभ्यासात दुधाबरोबर घन आहार दिलेल्या बाळांत संसर्गाचा धोका जवळपास अकरा पटींनी वाढलेला दिसला. याचे संभाव्य स्पष्टीकरण असे की वरचे अन्न आणि अस्वच्छ पाणी आतड्याच्या कोवळ्या अस्तराला इजा करते, आणि त्या फटींतून विषाणूला आत शिरता येते. आपल्याकडे या निष्कर्षाचे महत्त्व फार आहे, कारण आपली परंपरा मिश्र आहाराचीच आहे. चीक फेकून देणे, पहिल्या दिवशी मध चाटवणे, मग गुटी, मग उन्हाळा आहे म्हणून चमचाभर पाणी. यांतले काहीही आजी प्रेमापोटीच करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीप्रमाणे देशात जन्मानंतरच्या पहिल्या तासात अंगावर घेतलेल्या बाळांचे प्रमाण सुमारे ४२ टक्केच आहे. आई बाधित असो वा नसो, पहिले सहा महिने निव्वळ दूध हा सल्ला एवढ्यासाठीच इतक्या वेळा सांगावा लागतो.

मग औषधे आली आणि हिशेबाचा पायाच बदलला. पुण्यासह इथिओपिया आणि युगांडात झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, बाळाला नेव्हिरापिनचा एकच डोस न देता सहा आठवडे रोज दिल्यावर सहाव्या आठवड्यापर्यंतचा संसर्ग ५.३ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आला. त्यानंतर आईला स्वतःलाच पूर्ण उपचार सुरू करण्याची पद्धत रुळली. भारतासह अनेक देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीत आई किंवा बाळ औषध घेत असताना दुधातून होणारा संसर्ग सहा महिन्यांपर्यंत ०.३ टक्के आणि बारा महिन्यांपर्यंत ०.६ टक्के इतका खाली आला. शंभरांतल्या चौदावरून हजारातल्या सहावर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये धोरण बदलले, २०१६ मध्ये ते आणखी स्पष्ट केले: आई उपचार घेत असेल तर किमान बारा महिने पाजावे, चोवीस महिन्यांपर्यंत किंवा त्यापुढेही पाजायला हरकत नाही. अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचना, ज्या जवळपास चार दशके 'पाजूच नका' म्हणत होत्या, त्याही २०२३ मध्ये बदलल्या. आता तिथे आईला माहिती द्यायची आणि रक्तातला विषाणू दबलेला असेल आणि तिला पाजायचे असेल तर तिला आधार द्यायचा, अशी भूमिका आहे.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हजारात सहा हा आकडा ठीक, पण ते सहावे बाळ ज्या आईचे, तिला आकड्यांचे काय? तिला शून्य हवे आहे. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही, कारण डब्याच्या बाजूलाही शून्य नाही. तिथे धोका दुसऱ्या नावाने नोंदला जातो: जुलाब, न्यूमोनिया, वजन न वाढणे. मृत्यूच्या दाखल्यावर एचआयव्ही आला की तो आईच्या दुधाच्या खात्यावर पडतो, अतिसार आला की कुणाच्याच खात्यावर पडत नाही. ज्या घरात चोवीस तास स्वच्छ पाणी, पुरेसे पैसे आणि जवळ बालरोगतज्ज्ञ आहे, तिथे आईने डब्याचा मार्ग पत्करला तर तिला कुणी दोष देऊ नये. तिच्या घरचा हिशेब वेगळा आहे. मात्र ज्या आईने औषधाच्या गोळ्या मधेच सोडल्या आहेत, तिला 'दूध सुरक्षित आहे' एवढेच सांगणे चूक आहे. या आजारात दुधाची सुरक्षितता तिच्या रोजच्या गोळीवर अवलंबून आहे, आणि ती गोळी घरच्यांपासून लपवून घ्यावी लागत असेल तर चुकणारच.

मी म्हटले होते की पारडे नेहमी दुधाकडेच झुकत नाही. जपानच्या नैऋत्य भागात, विशेषतः क्यूशू बेटावर, एचटीएलव्ही-१ नावाचा विषाणू आहे. काही लोकांत तो अनेक दशकांनी ल्युकेमियाचे रूप घेतो. बाळाला तो प्रामुख्याने दुधातूनच मिळतो आणि दीर्घकाळ पाजले तर पाचातल्या एका बाळाला मिळू शकतो. नागासाकीत १९८७ पासून गरोदर स्त्रियांची तपासणी करून बाधित मातांना दूध न पाजण्याचा सल्ला दिला गेला आणि संसर्ग दोन-तीन टक्क्यांपर्यंत उतरला. हा निर्णय बरोबर होता. तिथे संसर्गावर उपचार नव्हता, आणि बाटलीवरच्या बाळाला अतिसाराने मरण्याची भीती नव्हती. नागासाकी आणि फ्रान्सिसटाऊन यांच्यात विज्ञान बदलत नाही, पाणी बदलते. इबोलाच्या रुग्ण मातेलाही दूध थांबवायलाच सांगतात. शिवाय अतिशय कमी दिवसांच्या बाळाला आईच्या दुधातला सायटोमेगॅलो विषाणू त्रासदायक ठरू शकतो. अशा बाळांसाठी, किंवा आईचे दूध मिळतच नसेल तेव्हा, दात्या मातांचे दूध ६२.५ अंश सेल्सियसला तीस मिनिटे तापवून दिले तर एचआयव्ही, सायटोमेगॅलो आणि एचटीएलव्ही हे तिन्ही निष्प्रभ होतात. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, ही आपल्या राज्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. दूध तोडायचेच असेल तर डब्याकडे वळण्याआधी पेढीची चौकशी व्हायला हवी. दुर्दैवाने तालुक्याच्या गावी ती उपलब्ध नसते.

इतका अनुभव हाताशी असूनही २०२० मध्ये तीच चूक नव्याने झाली. कोविडच्या पहिल्या महिन्यांत चीनमध्ये बाधित आईपासून बाळाला दोन आठवडे वेगळे ठेवण्याची प्रथा पडली. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही एप्रिलमध्ये तात्पुरते वेगळे करण्याचा सल्ला दिला. जागतिक आरोग्य संघटना मात्र सुरुवातीपासून आई-बाळ एकत्र ठेवा, मास्क लावा, हात धुवा आणि पाजा, असेच सांगत राहिली. नंतरचा पुरावा तिच्या बाजूने गेला. न्यूयॉर्कमध्ये बाधित आयांच्या १२० बाळांचा अभ्यास झाला. त्यांतल्या पुष्कळशा बाळांना आईजवळच ठेवले होते, मास्क लावून पाजले होते, आणि एकालाही संसर्ग झाला नाही. कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात अठरा मातांच्या दुधाचे ६४ नमुने तपासले; एका नमुन्यात विषाणूच्या जनुकाचा अंश मिळाला, वाढू शकणारा विषाणू एकातही नाही. जुलैपर्यंत अमेरिकन संस्थेने आपला सल्ला बदलला. त्या तीन महिन्यांत वेगळ्या केलेल्या मातांचे दूध आटले, त्याचा जमाखर्च क्वचितच मांडला जातो. भीतीच्या काळात लोक चुकतात, हे समजू शकते. पण 'खबरदारी म्हणून' हा शब्द वापरून दूध तोडणाऱ्याला आपण पुराव्याचा प्रश्न विचारत नाही आणि पाजायला सांगणाऱ्याला विचारतो, हा भेद मला वैद्यकाचा वाटत नाही, सवयीचा वाटतो. या सवयीला डबेवाल्या कंपन्यांनीही हातभार लावला आहे. त्यांच्या जाहिरातींवर आणि इस्पितळांतल्या मोफत नमुन्यांवर आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरी 'तात्पुरते' म्हणून लिहून दिलेला पहिला डबा क्वचितच तात्पुरता राहतो.

आता उरला शेवटचा आक्षेप, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो: आजारी बाईला विश्रांती नको का? हवीच. अंगात कणकण असलेल्या आईला पाजायला उठवणे आणि घरातली बाकीची कामेही तिच्यावरच ठेवणे, याला पाठिंबा म्हणत नाहीत. विश्रांती द्यायची तर स्वयंपाक, धुणे, मोठ्या मुलाची शाळा यांतून द्यावी. पाजणे हेच काम काढून घेऊन बाकीची तिच्याकडेच ठेवणे ही उलटी वाटणी आहे. ती आडवी पडून पाजू शकते. तापासाठी पॅरासिटामॉल घेता येते, फ्लूसाठी ओसेल्टामिव्हिर, हर्पीस-कांजिण्यांसाठी ॲसायक्लोव्हिर. ही औषधे पाजताना चालतात. ॲस्पिरिन मात्र टाळावे. ती खरोखर बेशुद्ध असेल, अतिदक्षता विभागात असेल, किंवा डॉक्टरांनी सकारण वेगळे ठेवले असेल, तर दूध दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, हाताने किंवा पंपाने पिळून काढायला हवे. नाहीतर चार दिवसांत पान्हा ओसरतो आणि ती बरी होऊन परत येते तेव्हा पाजायला काही उरत नाही. पिळण्याआधी हात आणि भांडे साबणाने धुवावे. दूध झाकलेल्या स्वच्छ भांड्यात साधारण तपमानाला चार तास, फ्रिजमध्ये चोवीस तास ठेवता येते; बाळाला ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे, बाटलीने नाही. आणि केसपेपरवर 'दूध बंद' एवढे दोन शब्द लिहिणाऱ्या डॉक्टरांनी त्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: कोणत्या कारणासाठी, किती दिवस, आणि तोवर बाळाला काय द्यायचे. हे तीन रकाने भरता येत नसतील, तर ते दोन शब्द लिहिण्याचा अधिकार अजून मिळालेला नाही, असे समजून त्यांनी आईला बाळ परत द्यावे.